भाभींचं शेंडेनक्षत्र

"तारा तुटला" असं कुणी म्हटलं की भाभी त्याला तिथंच अडवायच्या. मग तो दुकानात आलेला गिऱ्हाईक असो, गल्लीतली शेजारीण असो की घरी जेवायला आलेले व्याही. "तारा तुटत नाई. जो तुटला तो तारा नव्हताच," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. व्याह्यांना कढी वाढता वाढता पळी हवेत धरून त्यांनी हे समजावलेलं मी स्वतः पाहिलं आहे. कढी पार निवून गेली. व्याही बिचारे हातातला घास तसाच धरून ऐकत राहिले.

रिसोडला त्यांचं कापडाचं दुकान होतं. खाली दुकान, मधे घर, वर गच्ची, आणि गच्चीच्या कोपऱ्यात एक खोली. सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून माझी नेमणूक झाली तेव्हा ती खोली मी भाड्याने घेतली. गल्लीतल्या बायका भाभींना "आभायवाल्या भाभी" म्हणायच्या. आभाळाला आमच्याकडे आभायच म्हणतात. मी याच जिल्ह्यातल्या शेलूबाजारची, त्यामुळे मला ते नाव ऐकून हसू आलं नाही, फक्त नवल वाटलं. कापडाच्या दुकानाच्या मालकिणीला साडी-खणावरून नाव पडावं, हे आभाळावरून कसं पडलं?

ते दुसऱ्या की तिसऱ्या संध्याकाळी कळलं. मी दोरीवरचे कपडे काढत होते. अंधार पडला होता. पूर्वेकडून एक लखलखीत रेघ आली आणि डोक्यावरून निघून गेली. लहानपणीच्या सवयीनं मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात मागणं मागितलं. डोळे उघडले तर समोर भाभी. सतरंजीवर बसलेल्या, हातात दुर्बीण, आणि चेहऱ्यावर असा भाव की जणू मी त्यांचं काहीतरी सांडलं.

"सिस्टर, डोये काहून मिटले?"

"मागणं मागत होती, भाभी."

"अवो, पापणी लवते तेवढाच तिचा जीव. कुठून कुठून आली, तुमच्या डोक्यावर येऊन जयली, अन् तुमी डोयेच मिटून घेतले?" त्या खरोखरच हळहळल्या. "मागाचं असन तं मंदिरात मागा. हिले फक्त पाहा."

घर जैन. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं ही पिढ्यान् पिढ्यांची रीत. भाभींचे यजमान, शेठजी, दुकानातून येऊन जेवून पुन्हा गल्ल्यावर जायचे. भाभी मात्र चूल-भांडी आवरून सरळ गच्चीवर. इतर घरांत बायकांचा स्वयंपाक सुरू व्हायच्या वेळेला यांचा दिवस मोकळा झालेला असायचा. "आमच्या धर्मानं मले संध्याकाय देली," त्या म्हणायच्या, "तिचं काय कराव ते मीच ठरवलं." अकोल्याच्या कॉलेजात विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्यांचं लग्न झालं होतं. तिसरं वर्ष राहिलं ते राहिलंच. पावसाळ्यात साधू एका गावी थांबतात तशा त्याही चार महिने थांबायच्या. ढग असले तरी गच्चीवर एक चक्कर मारायच्या आणि खाली येऊन सांगायच्या, "बंद हाय."

मला आकाशातलं काहीच येत नव्हतं. उल्का, धूमकेतू, लघुग्रह हे तिन्ही शब्द शाळेत एकाच धड्यात आले आणि माझ्या डोक्यात त्यांचा एकच गोळा होऊन बसला होता. भाभींना तो गोळा सहन होत नव्हता. पण त्यांनी कधी शिकवायला बसवलं नाही. त्या मला ओढत न्यायच्या आणि दाखवायच्या.

एका मे महिन्यात भर दुपारी त्यांनी मला हाताला धरून गल्लीत नेलं. लग्नसराई होती. हातगाडीवरून बर्फाची लादी चालली होती, गोणपाटात गुंडाळलेली, वरून लाकडाचा भुसा. ऊन असं की डांबर मऊ झालं होतं. लादीतून पाणी गळत होतं आणि गाडीच्या मागे रस्त्यावर ओल्या भुशाची लांबच लांब रेघ उमटत होती.

"पाहा. हा धूमकेतू," भाभी म्हणाल्या. "लई दूर, अंधारात, हा नुसता मयका बर्फ असते. दगड, धूळ, बर्फ, सगळं गोठलेलं. कोनाले दिसत नाई. सूर्याजवळ आला का तापते, वाफ सुटते, अन् मंग त्याले शेपूट फुटते."

गाडीवाला थांबून आमच्याकडे पाहू लागला. भाभींनी त्याला "जाय बाबा, जाय, बर्फ विरघळन" म्हणून पुढे घातलं. मग त्या चार पावलं त्या ओल्या रेघेवरून चालल्या, चप्पल उलटी करून मला तळ दाखवला. भुशाचे कण चिकटले होते.

"धूमकेतू निघून जाते. सांडलेलं राह्यते. पृथ्वी चालता चालता त्या सांडलेल्यातून गेली का हे कण तिच्या हवेत घुसतात अन् जयतात. ती उल्का. रेतीच्या दाण्याएवढी वस्तू, सिस्टर. पन उजेड पाहा केवढा करते."

मी विचारलं, शेपूट मागेच राहते ना, गाडीच्या रेघेसारखी? त्या एकदम खूश झाल्या. मी पहिल्यांदा काहीतरी विचारलं होतं. "तिथंच तं गंमत हाय. ही सांडलेली रेघ मागंच राह्यते. पन जी शेपूट आपल्याले दिसते ती सूर्याच्या उलट्या बाजूले असते. येताना मागं, अन् सूर्याले वळसा घालून परत जाताना पुढं. जसं कोनी पाठमोरं न होता दरवाजातून निघते ना, तसा जाते तो."

लघुग्रह समजायला मात्र लोणारला जावं लागलं. दिवाळीच्या सुट्टीत गल्लीतल्या बायकांनी एक जीप ठरवली. रिसोडहून लोणार काही लांब नाही. आम्ही सगळ्या जणी आधी कधी ना कधी जाऊन आलेल्या. बायका देवळांकडे निघाल्या, लवणासुराची गोष्ट एकमेकींना सांगत. भाभी काठावरच थांबल्या. त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या. मला वाटलं, देवाला नमस्कार करणार. पण त्या नुसत्या उभ्या राहिल्या. खाली गोल, प्रचंड गोल विवर, कडांवर झाडी, तळाशी हिरवट पाणी, आणि आवाज कसलाच नाही. मोरांचा तेवढा मधूनच.

मग काठावरून खाली पाहतच त्या बोलल्या. "मंगळ अन् गुरूच्या मधात असे दगड फिरून राह्यले, लाखांनी. लघुग्रह. ना शेपूट, ना उजेड. आपल्या वाटेनं गुमान जात राह्यतात. त्यातला एखादा वाट चुकते." मग हातानं त्यांनी विवराचा काठ इकडून तिकडे दाखवला. "एवढ्या काया कातळात हे झालं. एका दगडानं."

"मग तो दगड कुठाय?"

"नाई ना. त्याची वाफ झाली. येनारा राह्यला नाई, खड्डा राह्यला."

त्या दिवशी ऊन होतं, माणसं होती, खालून बायका हाका मारत होत्या, तरी मी काठापासून एक पाऊल मागे सरले. मी इतक्या वेळा तिथं गेले होते, डबा खाऊन परतले होते. आपण कशाच्या काठावर बसून डबा खातो हे मला त्या क्षणी पहिल्यांदा जाणवलं. तेवढ्यात एकीनं खालून ओरडून विचारलं, "भाभी, पुन्हा पडला तं काय कराव?" भाभींनी चपला घातल्या. "पडन तवा पडन. सध्या पराठे काढा," म्हणाल्या, आणि झपाझप उतरायला लागल्या.

त्यांना सगळं कळत होतं असं नाही. एका पाडव्याच्या संध्याकाळची गोष्ट. गल्लीत सगळ्यांच्या गुढ्या उतरून झाल्या होत्या. अचानक आभाळाच्या एका टोकाकडून पेटते गोळे आले. एक नाही, रांगेनं कितीतरी, मागे लांब शेपट्या ओढत. गल्ली रस्त्यावर आली. कुणी मोबाइल धरला, कुणी लेकरं आत ओढली, कुणी हात जोडले. भाभी गच्चीवर उभ्या राहून ओरडत होत्या, "उल्का हाय! लई मोठी उल्का हाय! भिऊ नका, पाहा, पाहून घ्या!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांना वेळ नव्हता. गोळे विझले तरी त्या कठड्याला धरून तशाच उभ्या. "सिस्टर, माह्या जन्मात मले हे पाहाले भेटलं," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बातमी आली, ती उल्का नव्हतीच. माणसानं सोडलेल्या अग्निबाणाचे तुकडे होते; पलीकडच्या जिल्ह्यात लोखंडी कडं येऊन पडलं होतं. मला वाटलं, भाभी हिरमुसून बसतील. त्यांनी पदर खोचला आणि गल्लीत निघाल्या. घराघरात जाऊन सांगितलं, "काल मी चुकीचं सांगतलं. ती उल्का नव्हती. उल्का एवढी सावकाश जात नाई, हे मले तवाच समजाले पायजे होतं." बायका म्हणाल्या, जाऊ द्या हो भाभी, आम्हाला काय फरक पडतो. भाभी म्हणाल्या, "तुमाले नाई पडत. त्या उल्केले पडते." हे ऐकून सगळ्या हसल्या. भाभी हसल्या नाहीत. त्यांनी शेवटच्या घरापर्यंत जाऊन सांगितलं, तेव्हाच परतल्या.

मग तो धूमकेतू आला.

दसऱ्याचे दिवस. भाभींच्या पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाची बायको प्राची बाळंतपणासाठी रिसोडला आली होती. तिला आई नव्हती, म्हणून माहेर हेच. सातवा महिना. भाभी तिला इतक्या जपत होत्या की मला, दवाखान्यातल्या बाईला, दिवसातून अनेकदा खाली बोलावणं यायचं. नेमकं त्याच आठवड्यात मोबाइलवर बातम्या सुरू झाल्या: सूर्य मावळल्यावर पश्चिमेला, नुसत्या डोळ्यांनी दिसेल असा धूमकेतू. मी बातमी वाचून धावतच भाभींकडे गेले. मला वाटलं, त्यांनी तयारी केलीच असेल.

पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, सोयाबीनच्या मळणीची धूळ आहे, काही दिसायचं नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, चांदणं आहे. तिसऱ्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं आणि त्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून होत्या, दुर्बीण मांडीवर.

"भाभी, वर नाही यायचं?"

त्यांनी मानेनं पलीकडच्या घराकडे खूण केली. शेजारच्या घरात त्यांच्या चुलत सासूबाई राहायच्या, मोठ्या काकीजी. त्या सकाळीच येऊन बजावून गेल्या होत्या: शेंडेनक्षत्र निघालं आहे, पोटुशीनं अंगणातसुद्धा जायचं नाही. मी म्हटलं, काकीजी जुनं माणूस, त्यांचं काय मनावर घ्यायचं? तुम्हीच तर सांगता, तो बर्फ आहे, कोट्यवधी मैल लांब.

"मले ठाऊक हाय," भाभी म्हणाल्या. मग जिन्याच्या भिंतीकडे पाहत त्यांनी जे सांगितलं ते इतक्या वर्षांत मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं तेव्हाची गोष्ट. पाऊणशे वर्षांनी फिरून येणारा तो नावाजलेला धूमकेतू त्या वर्षी आला होता. कॉलेजात त्याची नुसती चर्चा. मुलीमुलींनी मिळून पाहायला जायचं ठरवलेलं. पण लग्न झालं आणि भाभींना सातवा महिना होता. सासूबाईंनी आतल्या खोलीत झोपवलं, खिडकीला चादर लावली. धूमकेतू पहाटे दिसायचा. पहाटे भाभी जाग्या असायच्या, चादरीकडे पाहत.

"मी नाई पाह्यला, सिस्टर. एक डाव बी नाई. चादरीची कोर बी नाई सारली. सगळं आयकलं." त्यांनी मांडीवरची दुर्बीण पालथी घातली. "पोरगी तरीबी गेली. पोटातच."

मी त्यांच्या शेजारी बसले.

"तवापासून मी आभाय पाहाले लागली," त्या म्हणाल्या. "म्हटलं, पाहू तं खरं, तिथं असं हाय तरी काय. सगळं वाचलं. सगळं समजलं. तिथं कोनी कोनाच्या वाईटावर नाई. अन् आज पाहा." त्यांनी आपला पाय हातानं दाबला. "पाय उचलत नाई. सगळं समजते, अन् तरी भेव वाटून राह्यलं. मी गेली, पाह्यला, अन् काई झालं तं?"

बाहेर उजेड कमी होत चालला होता. धूमकेतू थोडाच वेळ क्षितिजावर राहणार हे आम्हा दोघींना माहीत होतं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात प्राची येऊन उभी राहिली. तिनं सगळं ऐकलं होतं. ती पुढं आली, एक हात पोटावर, एक हात भाभींपुढे.

"मम्मी, उठा. मला दाखवा."

"नाई, पोरी. तू नको."

"तुम्ही नाही दाखवला तर मी एकटी जाऊन बघेन. आणि मला काही ओळखू यायचा नाही तो." मग तिचा आवाज खाली आला. "मागच्या वेळी तुमच्याबरोबर कुणी नव्हतं ना. आता मी आहे."

भाभींनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काय दिसलं कोण जाणे. त्यांनी तिचा हात धरला आणि उठल्या. जिना चढताना नक्की कोण कोणाला धरून चढत होतं ते मला मागून सांगता येईना. दुकानाच्या दारातून शेठजींनी वर पाहिलं. मला वाटलं, ते अडवतील. त्यांनी हातातलं कापडाचं ठाण तसंच गादीवर टाकलं आणि तेही जिना चढू लागले.

पश्चिमेला अजून केशरी रेघ होती. शुक्र झळकत होता. त्याच्या उजव्या हाताला, थोडं वर, भाभींनी दुर्बीण रोखली आणि तिथंच धरून ठेवली. त्यांनी दुर्बीण आधी प्राचीला दिली. मग शेठजींना. मग मला. आणि नंतर दुर्बिणीशिवायच आम्हाला तो दिसू लागला, एकदा कुठं आहे ते कळल्यावर. फार झगमगीत नव्हता. फळ्यावर पुसायचा राहून गेलेला खडूचा फराटा असावा तसा. खाली एक ठिपका आणि त्याच्यापासून वर, सूर्य जिथं बुडाला त्याच्या बरोबर उलट दिशेला, उभी फिकट शेपूट. हलत नव्हता. आवाज नव्हता. शहराच्या वर, मळणीच्या धुळीच्या वर, आमच्या सगळ्यांच्या भीतीच्या वर तो नुसता होता. किती हजारो वर्षांपूर्वी निघाला असेल, आणि आता परत निघाला होता, आणि त्याला आम्ही ठाऊकच नव्हतो. माझ्या मनात आलं, एवढ्या मोठ्या गोष्टीला आपण आपल्या दाराशी आणून बांधतो, आणि तिला दोष देतो.

भाभींनी दोन्ही हात जोडले. त्यांना देवळातही असे हात जोडताना मी पाहिलं नव्हतं. "आलास," त्या म्हणाल्या. बस, एवढंच. मग त्या प्राचीच्या खांद्यावर डोकं टेकवून रडल्या, आणि शेठजी त्यांच्या पाठीवर हात ठेवून ओल्या डोळ्यांनी कितीतरी वेळ आभाळाकडेच पाहत राहिले. मला वाटतं, त्या पोटातच गेलेल्या पोरीसाठी ते दोघं जण त्या संध्याकाळी पहिल्यांदा एकत्र रडले.

पुढचे दिवस भाभींना झोप नव्हती हे मी जाणते. प्राचीला जरा कळ आली की त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. पण प्रत्येक संध्याकाळी, धूमकेतू फिका होत दिसेनासा होईपर्यंत, त्या तिला घेऊन वर येत राहिल्या. घाबरत घाबरत येत राहिल्या. ज्याला भीतीच वाटत नाही त्याचं कौतुक सगळे करतात. मी भाभींचं करते.

संक्रांतीच्या आधी वाशिमच्या दवाखान्यात प्राचीला मुलगी झाली. धडधाकट, रडून वॉर्ड डोक्यावर घेणारी. मोठ्या काकीजी तिला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "पाहा, नशीब चांगलं म्हणून निभावलं." भाभींनी वाद घातला नाही. त्या बाळाची नखं पाहत होत्या.

प्राचीची रजा संपली, आणि बाळाला सांभाळायला भाभी पुण्याला गेल्या. दुकान शेठजींच्या पुतण्यानं घेतलं, शेठजीही गेले. माझी बदली इंझोरीला झाली. निघताना भाभींनी मला दुर्बीण देऊ केली, मी घेतली नाही. म्हटलं, तुम्हाला लागेल. त्या वेळी आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं की तिथं ती कपाटातच राहणार आहे.

"बाराव्या मजल्यावर राह्यते आता मी," त्यांनी पहिल्याच फोनवर सांगितलं. "आभायाच्या एवढी जवळ पयले कवाच नव्हती. अन् दिसत काईच नाई, सिस्टर. खालून एवढा उजेड येते का वरचं सगळं धुऊन निंघते." तक्रारीचा सूर नव्हता. सांगितल्यासारखं सांगितलं. नात मागून ओरडत होती, तिच्याशी बोलायला त्या फोन ठेवून गेल्या.

तेव्हापासून अंधार पडला की त्यांचा फोन येतो. मी इंझोरीच्या अंगणात उभी राहते आणि काय दिसतं ते सांगते. सुरुवातीला फार चुकायचे. "असं कसं, तिथं तं आता मृग असाले पायजे," असं त्या इतक्या लांबून दुरुस्त करायच्या. हळूहळू माझं चुकणं कमी झालं. दवाखान्यात येणाऱ्या पोटुशी बायका ग्रहणाचं विचारतात, बाहेर निघू का म्हणून. मी त्यांना पुस्तकातलं सांगते, आणि त्या घाबरलेल्याच राहिल्या तर म्हणते, मी येते, आपण दोघी मिळून पाहू.

परवा भाभी म्हणाल्या, "थांबा, आज पोरीले फोन देते. तिले सांगा." फोनमध्ये नुसता श्वास ऐकू येऊ लागला. एवढ्याशा लेकराला काय सांगायचं? मी जे होतं ते सांगितलं. की शेताच्या वर गुरू आलाय, मोठा, पिवळसर. त्याच्या अलीकडे तीन तारे एका ओळीत आहेत, कुणी मोजून लावल्यासारखे. चंद्र अजून आला नाही, म्हणून बाकीचे सगळे बाहेर आलेत. कुत्रं भुंकतंय, पण ते इथलंच आहे, वरचं नाही.

मी थांबले. मग त्या मुलीनं फोनमध्ये तोंड घालून एकच शब्द म्हटला, तिला येणाऱ्या थोड्या शब्दांपैकी.

"अजून."

मी विजेच्या खांबाचा उजेड मागे पडेपर्यंत पुढं चालत गेले, आणि उत्तरेपासून सांगायला लागले.